विश्लेषण : दंड भरला, तरी लायसन्स का जाते?

थर्टी फर्स्ट असो वा धूलिवंदन, नाकाबंदीत पकडल्या गेलेल्या मद्यपी चालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘दंड किती?’ मात्र रिक्षा, टॅक्सी किंवा ट्रक चालवून घर चालवणाऱ्यांसाठी दंडापेक्षा परवान्याचा प्रश्न मोठा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याबाबत काय सांगतो?

गुन्हा कधी ठरतो?

कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की गुन्हा होतो. मग ‘गाडी नीटच चालवत होतो’ हा बचाव उपयोगी पडत नाही. अमली पदार्थांच्या बाबतीत, नशेमुळे वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येत नव्हते का, हे पाहिले जाते.

शिक्षा किती?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

परवान्यावर कारवाई कोण करते?

इथेच अनेकांची गफलत होते. कारवाई दोन ठिकाणी होऊ शकते. पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवतात. तिथे चालकाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. ते न पटल्यास पहिल्या वेळी ३ महिन्यांसाठी अपात्र ठरवता येते आणि दुसऱ्या वेळी परवानाच रद्द करता येतो. दुसरीकडे, न्यायालयात दोष सिद्ध झाल्यास कलम २० नुसार किमान ६ महिन्यांच्या अपात्रतेचा आदेश द्यावाच लागतो. म्हणजे दंड भरला की प्रकरण मिटले, असे होत नाही.

रस्त्यावर पकडले गेले नाही, तरी?

तरीही परवाना जाऊ शकतो. परवानाधारक सराईत मद्यपी आहे किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेला आहे, अशी आरटीओची खात्री झाल्यास कलम १९ नुसार त्याला ठरावीक काळासाठी अपात्र ठरवता येते किंवा परवाना रद्द करता येतो. त्याआधी बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

चाचणीला नकार दिला तर?

सुटका होत नाही. मद्यपानाचा सबळ संशय असल्यास पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात चालकाच्या विरोधातही जाऊ शकतो.

अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर?

तो वेगळा गुन्हा ठरतो. त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे ‘सहा महिने कसेबसे काढू’ म्हणत स्टिअरिंग हाती धरणारा चालक आणखी अडकतो. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याच्यासाठी दंडाची रक्कम हा सर्वात लहान खर्च ठरतो.