उपहासात्मक वीरकथेचा प्रारंभ व बोलीचे स्थान

अतिमानवी वीरांचा उपहास करणाऱ्या चित्रकथेत नव्या कथापर्वाचा पहिला अंक दुहेरी भार वाहत असतो. कोण कोणाचा, कोठला, मागे काय घडले, हे नव्या वाचकास सांगावयाचे. आणि ज्याचा परिचय करून द्यावयाचा त्याचाच डौल त्याच परिचयात उतरवावयाचा. ही दोन कार्ये एकाच संवादातून साधली गेली नाहीत, तर अंक केवळ प्रस्तावना ठरतो.

मराठी प्रेक्षकास ही युक्ती नवी नाही. तमाशात गण झाला, गौळण झाली, की वग उभा राहतो. राजा सिंहासनावर येतो आणि प्रधानजींना राज्याची हालहवाल विचारतो. वस्तुतः ह्या प्रश्नाचे उत्तर राजास ठाऊक असलेच पाहिजे; प्रश्न असतो तो प्रेक्षकांसाठी. परंतु मध्येच सोंगाड्या तोंड घालतो आणि परिचय पुरा होण्यापूर्वीच राजेपणाची वस्त्रे उतरू लागतात. गौळणीतही तेच. साक्षात श्रीकृष्ण गौळणींची वाट अडवतो खरा. पण हशा मिळतो तो पेंद्याला आणि मावशीला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ ह्या 1965 च्या लोकनाट्याने हीच घडण शहरी रंगभूमीवर नेली.

पाश्चात्य चित्रकथेत ह्या प्रकाराचा ठळक आरंभ 1953 साली ‘मॅड’च्या चौथ्या अंकात झाला. हार्वे कुर्ट्झमन ह्यांनी लिहिलेल्या आणि वॉली वुड ह्यांनी रेखाटलेल्या ‘सुपरड्युपरमॅन’ मध्ये महावीराचे नित्यरूप पिकदाण्या साफ करणाऱ्या क्षुद्र नोकराचे आहे. पुढे गार्थ एनिस व डॅरिक रॉबर्टसन ह्यांची ‘द बॉइज’ ही मालिका 2006 मध्ये निघाली. सहा अंकांनंतर मूळ प्रकाशकाने ती थांबविली. 2007 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडे सातव्या अंकाने नवे पर्व उघडले. येथे हालहवाल विचारण्याचे काम ह्यूई ह्या नवख्या तरुणाकडे आहे, आणि भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे असा मुद्दा येथेच आहे. ह्यूई स्कॉटिश ढंगाचे इंग्रजी बोलतो, त्याचा नायक बुचर लंडनच्या कष्टकरी वस्तीतले. वीर मात्र वृत्तपत्री छापाची स्वच्छ अमेरिकन भाषा बोलतात. बोली हसणाऱ्याकडे आहे, हसे झालेल्याकडे नाही.

मराठी चित्रकथेत ही वाटणी जमलेली नाही. मार्च 1964 मध्ये सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत असे. ली फॉक ह्यांच्या फँटमला तीत ‘वेताळ’ हे नाव मिळाले. नाव लोकदैवताचे, गावकुसाबाहेरच्या शेंदरी दगडाचे. फुग्यातील भाषा मात्र प्रमाण, कित्येकदा पाठ्यपुस्तकी. परभणी, जिंतूर, गंगाखेड ह्या भागातील मुलाच्या घरची मराठी निराळी. ‘मी करतो आहे’ येथे ‘मी करायलो’ होते. ‘ती करायली’, ‘ते करायलेत’. प्रमाण मराठीच्या कानास ह्यांतील ‘करायल-’ हा अंश हेत्वर्थक ‘करायला’ चा भास देतो, म्हणून वाक्य अपुरे वाटते. ते अपुरे मुळीच नाही. चालू क्रियेचे ते पूर्ण, लिंगवचनानुसार चालणारे रूप आहे.

तरीही रंगभूमीवर वा चित्रपटात असे रूप आले की प्रेक्षक वाक्य संपण्याची वाट न पाहता हसतो. हा हशा सोंगाड्याने मिळविलेला नव्हे. सोंगाड्याची बोली राजाला हसते. येथे बोलीलाच हसले जाते, आणि राजा सुरक्षित राहतो. मराठवाड्यातील विद्यार्थी पुण्या-मुंबईस गेल्यावर प्रथम हेच रूप गिळून टाकण्यास शिकतो, ह्यात नवल ते काय?

परभणीतील कोणी उद्या वेताळाचे विडंबन लिहावयास घेतले, तर पहिल्याच चौकटीत त्याला निवड करावी लागेल. कवटीच्या सिंहासनावरून वेताळ भारदस्त स्वरात अरण्याची हालहवाल विचारील. खाली बसलेला गुराखी बिडी विझवीत म्हणेल, ‘सांगायलो की, जरा दमानं घ्या.’ येथे ‘सांगायलो’ च्या जागी ‘सांगतो आहे’ घातले, तर गुराखी प्रधानजी होऊन बसतो.