बोरगुंडचे काळे प्रार्थनामंदिर

नॉर्वेच्या पश्चिम भागातील लेर्डालच्या दरीत बोरगुंड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एकावर एक छपरे चढवलेली, डांबराने काळीभोर झालेली एक लाकडी इमारत उभी आहे. वरच्या छपरांच्या टोकांवर मान उंचावून बसलेली ड्रॅगनची मुंडकी पाहिली की हे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर असेल, यावर चटकन विश्वास बसत नाही! पण खालच्या छपरांवर पाहावे, तो तेथे क्रूस आहेत.

हिचे लाकूड ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडलेले आहे, असे खोडांतील वर्षवलयांवरून निष्पन्न झाले आहे. आता लाकूड इतकी शतके टिकले कसे? त्या देशी पूर्वी खांब जमिनीतच पुरीत आणि ते बुडाशी कुजत. पुढे कारागिरांनी दगडांवर आडव्या तुळया टाकून त्यांवर खांब उभे केले. ओल खालीच राहिली. युक्ती साधी; पण सारे आयुष्य तिच्यावर तोललेले. आत खांबांना सांधणाऱ्या फुलीसारख्या लाकडी कैच्या आहेत, आणि उजेड येतो तो उंचावरच्या लहान गोल झरोक्यांतून.

खरे संकट आले ते १८५१ साली, तेही कायद्याच्या रूपाने. चर्चमध्ये गावच्या तीन-दशांश लोकांना बसण्याची सोय हवी, असे ठरले. जुनी मंदिरे लहान, थंड, अंधारी. लोकांनी ती पाडली, याचा दोष त्यांना कसा द्यावा? वांग गावचे मंदिर तर १८४१ मध्येच लिलावात गेले होते. ते चित्रकार डाल यांनी प्रशियाच्या राजासाठी मिळवले. आज ते पोलंडमध्ये उभे आहे. एके काळी हजारावर असावीत अशी ही मंदिरे. नॉर्वेत उरली अवघी २८.

बोरगुंडकरांनी मात्र १८६८ मध्ये शेजारीच नवे चर्च बांधले आणि जुने तसेच सोडून दिले. १८७७ मध्ये प्राचीन स्मारके जपणाऱ्या संस्थेने ते घेतले. हे दुर्लक्षच त्याला लाभले म्हणायचे! ज्या मंदिरांत लोकांचा राबता चालू राहिला, त्यांना खिडक्या पडल्या, भिंती सरकल्या. येथे तसे फारसे काही झाले नाही.

गावाची नित्याची उपासना नव्या चर्चमध्ये होते. जुन्याच्या भिंतींना मात्र अधूनमधून डांबराचा ताजा हात द्यावाच लागतो.