घरातला पहाराही बदलायला हवा

मणक्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांना एक सूचना हमखास दिली जाते : अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदला. त्या भागाला संवेदना नसते. एकाच जागी दाब पडत राहिला तरी रुग्णाला कळत नाही आणि कातडीला जखम होते. सूचना योग्यच आहे, पण तिचा हिशेब मांडून पाहा. रात्री दहाला झोपले, तर बारा, दोन, चार आणि सहा वाजता उठायचे. रुग्णालयात हे काम पाळ्या लावून वाटले जाते. घरी ते एकाच माणसावर येते. जखमी जवानाच्या घरी ती बहुधा त्याची पत्नी असते, नाहीतर आई. स्वयंपाक, मुलांची शाळा, शेत किंवा नोकरी हेही तिला चुकत नाही.

सैन्यात पहाऱ्यावरच्या जवानाला ठरल्या वेळी बदली मिळते. थकलेल्या माणसाची नजर चुकते, हे तिथे गृहीत धरलेले असते. घरातला हा पहारा मात्र वर्षानुवर्षे बदलत नाही. वर ‘फौजीची बायको आहे, खंबीरच असणार’ असे कौतुक होते. त्या कौतुकामुळे ‘मी दमले’ हे दोन शब्दही तिच्या तोंडून बाहेर पडत नाहीत.

थकव्याची किंमत

हा थकवा केवळ मनाचा नसतो. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात एक छोटा अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक बारीकशी जखम करून ती किती दिवसांत भरते, हे पाहिले गेले. इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये वृद्ध जोडप्यांवरील मोठ्या अभ्यासात असे दिसले की, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्यांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी अधिक होता. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी ठळक वाढ आढळली नाही. हे अभ्यास जवानांच्या घरांतले नाहीत, पण त्यांतून मिळणारी दिशा उपयोगाची आहे. जड जातो तो ताण. तो हलका करता येतो.

अशा घरांत पाठदुखी, अपुरी झोप, चिडचिड, न तपासलेला रक्तदाब आणि चुकलेल्या गोळ्या नेहमी आढळतात. काळजी घेणारी आजारी पडली, की रुग्णाची कूस बदलायची राहते आणि त्याला जखमा होतात. म्हणून तिची विश्रांती हा रुग्णाच्याच उपचाराचा भाग आहे.

विसावा कसा मिळेल?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. शुश्रूषा करणाऱ्याला सुटी मिळावी म्हणून वर्षाला ३० दिवसांपर्यंत रुग्णाची जबाबदारी दुसरे कोणी घेते. आपल्याकडे ही बदली बहुतेक वेळा घरातल्या घरातच शोधावी लागते.

त्यासाठी ‘काही लागलं तर सांग’ असे म्हणणे पुरत नाही. दिराने शनिवारची रात्र घ्यावी, नणंदेने बुधवारची दुपार घ्यावी, असे वार आणि तास ठरलेले हवेत. आठवड्यातून एक रात्र सलग झोप मिळाली तरी फरक पडतो. बदलीवर येणाऱ्यासाठी भिंतीवर एक कागद लावावा : औषधांच्या वेळा, कूस कधी व कशी बदलायची, लघवीच्या नळीची काळजी, डॉक्टरांचा फोन. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर आणखी एक ओळ ठळक लिहावी : अचानक तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घाम येणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी रक्तदाब झपाट्याने वाढतो. रुग्णाला लगेच बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी दुमडली आहे का ते पाहावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दुसरा मार्ग जवानाकडूनच जातो. हात मजबूत असलेले अनेक रुग्ण स्वतः कूस बदलायला, चाकाच्या खुर्चीत हातांवर भार देऊन बूड उचलायला, स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकतात. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून असलेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मणक्याची इजा झालेले जवान खेळ आणि कामे शिकून स्वावलंबी झालेले दिसतात. तो जे स्वतः करू लागेल, तेवढा तिचा भार कायमचा उतरतो. हवेच्या गादीमुळे रात्री कूस बदलण्याचे अंतर वाढवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे. परस्पर ठरवू नये.

इजा मनाची असेल, तर जागरण वेगळ्या प्रकारचे असते. दुःस्वप्नाने ओरडणाऱ्या जवानाला हलवून उठवू नये. थोडे दूर उभे राहून, दिवा लावून, नावाने हाक मारावी. झोपमोड रोजचीच झाली असेल, तर वेगळ्या खोलीत झोपण्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

स्वतःची तपासणी

जवानाला दाखवायला नेताना आपलाही रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटले का? कशातच रस वाटेनासा झाला का? उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांशी बोलावे. रुग्णावर हात उगारला जाऊ लागला किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. सैन्यदलातील कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

शंभर टक्के अपंगत्व असून सतत मदतनीस लागतो, असे वैद्यकीय मंडळाने मान्य केले असेल, तर अपंगत्व निवृत्तिवेतनासोबत परिचर भत्ता मिळू शकतो. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. त्या पैशातून आठवड्याच्या काही रात्रींसाठी माणूस ठेवता येईल.

पुष्कळदा अडचण निराळीच असते. ‘मला दुसऱ्या कोणाच्या हातचं नको,’ असे जवान म्हणतो आणि तिचाही पाय घरातून निघत नाही. सुरुवातीला नव्या माणसाने तिच्यासमोरच काम करावे, मग तिने तासभर बाहेर जावे, मग एक रात्र झोपावे. बदलीवर आलेल्याच्या हाती पहारा सोपवायची सवय त्या जवानाला जुनी आहे. घरातही ती बदली हवी, हे तिने मागण्याआधी त्यानेच म्हटले, तर अर्धे काम झाले.