कामकरी माणसाची चाळिशी

मराठीत चाळिशी हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक चाळिशी वयाची आणि दुसरी नाकावर बसणारी. लांबचे स्वच्छ दिसावे आणि हातातला कागद मात्र वाचता येऊ नये, असे डोळ्यांचे होऊ लागले म्हणजे ही दुसरी चाळिशी विकत घ्यावी लागते. माणसाच्या मनाचेही त्या वयात असेच काहीसे होते. देशाचे कोठे चुकते आहे, भावकीतला कोणाचा मुलगा वाया गेला, हे सारे त्याला लख्ख दिसते. स्वतःची बायको, स्वतःचा मुलगा आणि स्वतःचे दोन हात मात्र धूसर होत जातात.

आमच्या कचेरीत या वयाचा कामगार येतो तो बहुधा हातात चार्जशीट किंवा बदलीचा हुकूम घेऊन. कागदाचे काम पंधरा मिनिटांत आटोपते. तरी तो उठत नाही. चहा होतो आणि मग तो हळूच म्हणतो, "भाऊ, हल्ली कशात मन लागत नाही." ही तक्रार कोणत्याही करारात बसत नाही, म्हणून पुष्कळ पुढारी ती हसण्यावारी नेतात. आम्हांस ती पगाराच्या मागणीइतकीच खरी वाटते.

ती याच वयात का उद्भवते? लेथवरचा पंचविशीतला पोरगा डोळे ताणून काम करतो, कारण नजर ढळली की जॉब बाद. चाळिशीतल्या टर्नरला टूल बोथट झाल्याचे नुसत्या आवाजावरून कळते. हात आपले आपण चालतात आणि मन मोकळे राहते. वीस वर्षे त्याला सवड नव्हती. वडिलांनी चिकटवले म्हणून कारखाना, मामांनी ठरवले म्हणून लग्न, मग बहिणीचे लग्न, घराचे हप्ते, मुलांची फी. यातले काहीही खोटे नव्हते. पण यातले आपण काय ठरवले, हा प्रश्न मोकळ्या झालेल्या मनात प्रथमच उभा राहतो. म्हणजे हा रोग आळशाचा नव्हे. काम अंगवळणी पडलेल्या माणसाचा आहे.

त्यावर सध्या सर्रास दिला जाणारा सल्ला असा की, नोकरी सोडा आणि मनासारखे जगा. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस फलकावर लागली की हा सल्ला फार गोड वाटतो. म्हणून थोडा हिशेब करू. हिशेबात धरावयाचा पगार महिना २६,००० रुपये आणि नोकरी वीस वर्षे असेल, तर ग्रॅच्युइटी दर वर्षास पंधरा दिवसांप्रमाणे तीन लाख होते. वर कंपनी काही देईल. त्यात मेव्हण्याच्या भागीदारीतले दुकान निघते आणि दोन दिवाळ्यांत बसते. दुकान बसल्यावर मनासारखे जगणे दूरच राहते; माणूस तेच काम निम्म्या पगारावर ठेकेदाराकडे करू लागतो. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा पाहिली आहे की मोजणे सोडून दिले.

"पण लोखंड्यांनी नोकरी सोडलीच ना?" असे कोणी विचारील. नारायण मेघाजी लोखंडे हे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. ते सोडून १८८० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी 'दीनबंधू' पत्र हाती घेतले. १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांनी निवेदन तयार केले : रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुटी मिळण्यास १० जून १८९० उजाडला; लोखंडे तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. लोखंड्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण आमचे लक्ष त्या निवेदनावर नाव घालणाऱ्या साडेपाच हजार माणसांकडे जाते. त्यांनी नोकरी सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला की त्यांना त्याच खात्यात, त्याच मुकादमासमोर उभे राहावयाचे होते. खरेपणाने जगणे म्हणजे काय याचा आमच्या धंद्यातला अर्थ आम्हांस तेथे सापडतो : जे मनात आहे त्याखाली आपले नाव घालणे आणि मग कामावर जाणे.

येथे १९८२ च्या संपाची आठवण करणे भाग आहे. १८ जानेवारीस मुंबईतील अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला गिरणी पुन्हा दिसली नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पुढे या कामात पडल्यावर त्यांच्यापैकी अनेकांच्या पायाशी बसून ऐकले. गिरणी गेली तेव्हा पगार गेला, हे दुःख होतेच. परंतु 'मी घर चालवतो' एवढीच ज्याची ओळख होती तो माणूस मुळापासून हादरला. पुष्कळ घरे त्या काळात खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या चुलीवर तगली. काही पुरुष लाजेने ओट्यावर बसून राहिले. काहींनी डबे उचलले आणि पोहोचवले. त्या दुसऱ्या मंडळींनी ही गोष्ट आम्हांला हसत सांगितली.

आता आजची गोष्ट. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, कायम कामगाराशेजारी ठेक्यावरचा मुलगा उभा असतो. काम तेच, पगार कितीतरी कमी. चाळिशीतल्या कायम कामगाराला हे रोज दिसते. पण स्वतःचा करार तोंडावर असतो, म्हणून तो गप्प बसतो. घरी मात्र न्यायनीतीवर मोठ्याने बोलतो. आमचे स्पष्ट मत असे की, 'मन लागत नाही' याच्या बुडाशी पुष्कळदा हे गप्प बसणे असते. देवदर्शनाने ते जात नाही. आम्ही करून दिलेल्या पगारवाढीनेही जात नाही.

आमच्या माहितीतल्या एका टर्नरने, वय त्रेचाळीस, ठेक्यावरच्या पोरांना मायक्रोमीटर वाचावयास आणि ड्रॉइंग समजून घ्यावयास शिकवणे सुरू केले. पुण्याकडच्या कारखान्यांना सुटी बहुधा गुरुवारी असते. म्हणून वर्गही गुरुवारी, आमच्या कचेरीत. पुढे पोरांनी समान पगाराचा अर्ज केला, तेव्हा त्याने खाली पहिली सही केली. महिन्याभरात त्याची कायमची रात्रपाळी लागली. झोप मोडली, पित्त वाढले. त्याच्या घरच्यांनी आमच्याकडे गाऱ्हाणे केले ते पाळीचे, जाता जाता म्हणाल्या, "पण आता जेवताना बोलतात हो."

अर्ज अजून पडून आहे. पाळी बदलून मिळावी म्हणून आम्ही दोन पत्रे लिहिली, तिसरे लिहितो आहोत. गुरुवारी सकाळी दहाला मुले येतात; तो रात्रपाळी करून तसाच येतो.