परसातला भाजीपाला, अडीनडीचा आधार



आपण टनांनी ऊस पिकवतो आणि कोथिंबिरीची जुडी मात्र बाजारातून आणतो! अडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा. बिल हाती येईपर्यंत मीठ-मिरचीसुद्धा उधारीवर. 1972 च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. 2020 च्या टाळेबंदीत आठवडे बाजार बंद पडले, तेव्हा ज्यांच्या परसात शेवगा नि अळू होता त्यांचं कालवण अडलं नाही.

याला काही एकरभर रान लागत नाही. मोरीचं सांडपाणी जातं तिथं अळू, केळ लावा. कुंपणावर दोडका, घेवडा चढवा. मेथी-पालक महिना-सव्वा महिन्यात कापणीला येतात. सगळं बी एकदम न टाकता दर पंधरवड्याला एक वाफा पेरावा, म्हणजे खंड पडत नाही. शेवग्याची जाड फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की फुटते. थोडं बी पुढच्या सालाला राखावं.

आमचं एकच सांगणं आहे. हे काम एकट्या घरधनिणीवर टाकू नका. उसाला पाणी देऊन आलात की एक वाफा आपल्या हातानं भिजवा. बिलाला उशीर झाला, तरी ताटातली भाजी थांबता कामा नये.