हातात हात देणारा ऑक्टोपस

अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीत बारा महिने पाणी गार असतं. तरीही ड्रायसूट चढवून डायव्हर तिथे हौसेने उतरतात, ते जायंट पॅसिफिक ऑक्टोपसला भेटायला. जगातला हा सर्वांत मोठा ऑक्टोपस, आणि चौकस तर इतका की अनेकदा ओळख करून घ्यायला तोच पुढे सरसावतो!

पत्ता कसा शोधायचा?
खडकाच्या कपारीबाहेर खेकड्यांच्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग दिसला, की समजायचं घरमालक आत आहेत. जेवण झालं की उष्टं थेट दारात! पश्चिम सिएटलच्या सीक्रेस्ट पार्कमध्ये तर किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलं तरी ही भेट घडू शकते.

हात लावला की चव कळते
आठ भुजा पसरल्या तर चार मीटरहून जास्त भरतात. मादीच्या भुजांवर सुमारे 2,240 चूषक असतात. ते नुसते चिकटत नाहीत, चवही घेतात. कपारीतून एक भुजा हळूच बाहेर येते, टोक हातमोज्यावर टेकतं, मग एकेक चूषक बोटांवरून मनगटाकडे सरकत जातो. डायव्हरला वाटतं हस्तांदोलन चाललंय. तिकडे चव घेणं चालू असतं!

तीन हृदयं, निळं रक्त
दोन हृदयं कल्ल्यांना रक्त पुरवतात, तिसरं उरलेल्या शरीराला. रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून ते निळं. आणि ऑक्टोपसांच्या चेतापेशींपैकी बहुतांश डोक्यात नाहीत, भुजांमध्ये असतात.

माणूस ओळखतो
सिएटल अ‍ॅक्वेरियममध्ये एक प्रयोग झाला. सारखाच गणवेश घातलेल्या दोघांपैकी एक जण खाऊ घालायचा, दुसरा खरखरीत काठीने टोचायचा. काही दिवसांतच ऑक्टोपस दोघांशी वेगवेगळे वागू लागले. 2010 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

कुस्तीपासून कायद्यापर्यंत
1963 मध्ये सिएटलजवळच्या टॅकोमा शहरात ऑक्टोपसला पाण्याबाहेर ओढून काढायची चक्क स्पर्धा भरली होती, बघायला हजारोंची गर्दी! 2012 मध्ये मात्र सीक्रेस्टला एका डायव्हरने ऑक्टोपस मारून नेला, तेव्हा सगळे खवळले. परवाना असल्याने ते कायदेशीर होतं. मग कायदाच बदलला: 2013 मध्ये वॉशिंग्टन राज्याने सात ठिकाणी ऑक्टोपसच्या शिकारीवर बंदी घातली.

आईची शेवटची राखण
मादी कपारीच्या छताला हजारो अंडी लटकवते, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं. पुढचे सहाएक महिने ती अन्नाला शिवत नाही. अंडी स्वच्छ ठेवते, त्यांच्यावर ताजं पाणी सोडत राहते. पिल्लं बाहेर पडतात आणि ती प्राण सोडते. उणंपुरं तीन ते पाच वर्षांचं आयुष्य!

भेटायला जाताना
टॉर्चचा झोत डोळ्यांवर मारू नका. कपारीत हात घालू नका, ओढून तर मुळीच काढू नका. अंड्यांवर बसलेली मादी दिसली, तर लांबूनच बघा. ऑक्टोपसने तुमचा मास्क किंवा श्वास घ्यायचा रेग्युलेटर पकडला, तर झटापट न करता शांतपणे भुजा सोडवा. हात पुढे करून थांबायचं. स्पर्श करायचा की नाही, हे त्यालाच ठरवू द्यायचं. घर त्याचं आहे, आपण पाहुणे.