डोळ्यात भिंग बसवण्याआधी



ऊसनोंदीसाठी परतवाडा भागात फिरताना बेण्या-खताबरोबर घरचे प्रश्नही आमच्यापुढे येतात. एक प्रश्न हल्ली वारंवार येतो : "पोरीच्या चष्म्याचा नंबर उणे बारा आहे. लग्नाआधी डोळ्यात भिंग बसवलं तर चालते का? डोळ्याले धोका तर नाही?"

मोतीबिंदूत गढूळ झालेले मूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. इथे तसे नाही. मूळ भिंग जागेवरच राहते व त्याच्या पुढे, बहुधा डोळ्याच्या रंगीत पडद्यामागे, दुसरे पातळ भिंग ठेवतात. युरोपात १९५० च्या दशकात असे प्रयोग झाले, तेव्हा डोळ्याला इजा होऊन पुष्कळ भिंगे काढावी लागली. आजची भिंगे बरीच सुधारली आहेत. काहींच्या मधोमध बारीक छिद्र असते. बांधातल्या मोरीतून पाणी जावे तसे डोळ्यातले पाणी त्यातून वाहते, म्हणून दाब वाढण्याची भीती कमी होते. अमेरिकेत अशा भिंगाला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती २१ ते ४५ वयासाठी.

तरीही धोका शून्य नाही. भिंगाचे माप चुकले तर डोळ्याचा दाब वाढतो किंवा मोतीबिंदू लवकर येतो. गरज पडल्यास भिंग काढता येते, पण झालेली इजा प्रत्येक वेळी भरून येत नाही. म्हणून आधी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) वय २१ पूर्ण असावे व नंबर वर्षभर स्थिर असावा.
२) भिंगासाठी डोळ्यात पुरेशी खोली आहे का, ते मोजून घ्यावे.
३) समोरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशी मोजाव्यात. पुढेही त्या अधूनमधून मोजाव्या लागतात.
४) बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासावा.

सर्वांत महत्त्वाचे असे की, मोठा नंबर म्हणजे डोळा लांबलेला आणि मागचा पडदा ताणलेला. भिंगाने चष्मा सुटतो, हा ताण सुटत नाही. पडदा सरकण्याचा धोका नंतरही राहतो, म्हणून दरवर्षी तपासणी हवीच. अचानक विजेसारखी चमक, काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे दिसले, तर त्याच दिवशी अमरावती गाठावी. तोडणी चालू आहे म्हणून थांबू नये.

लग्नाच्या तारखेवरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका. मोजमापात डोळा बसत नसेल, तर जाड चष्म्यात काही कमीपणा नाही.